डेटा संरक्षणात करिअर सुरू करताना: पुण्यातील नवोदितांसाठी

माझ्याकडे या क्षेत्राविषयी विचारायला येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुधा 'कोणता कोर्स करू?' असाच असतो. कोणाकडे लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आयएलएसची पदवी असते, कोणी हिंजवडीत चार वर्षे रात्रपाळीत सपोर्टचे काम केलेले असते, तर कोणी सीएची वाट सोडून अंतर्गत लेखापरीक्षणात स्थिरावलेले असते. कोर्सचे नाव सांगण्याआधी मी त्यांना एक उलट प्रश्न विचारते: तुमच्या सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांचे नाव, मोबाइल क्रमांक आणि फ्लॅट क्रमांक लिहून घेणारी वही भरली, की तिचे पुढे काय होते? बहुतेकांना ते ठाऊक नसते आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु प्रश्न ऐकल्यावर ज्याला त्याच संध्याकाळी सुरक्षारक्षकाकडे आणि सोसायटीच्या सचिवांकडे जाऊन चौकशी करावीशी वाटते, त्याला हे काम आवडेल, असे मी अनुभवाने सांगू शकते.

एखाद्या संस्थेकडे लोकांची कोणती माहिती येते, ती कशासाठी घेतली जाते, कुठे ठेवली जाते, कोणाच्या नजरेस पडते, पुढे कोणाला दिली जाते आणि केव्हा नष्ट होते, हे शोधून काढणे आणि बिनचूक लिहून ठेवणे हा या कामाचा गाभा आहे. धोरणे, करार, प्रशिक्षण, दंडाची भीती हे सगळे त्या नोंदीवर उभे राहते. नोंदच चुकीची असेल, तर वरची सगळी कागदपत्रे कितीही देखणी असली तरी निरुपयोगी ठरतात. म्हणून नवोदितांना मी आधी नोंद करायला शिका असे सांगते. प्रमाणपत्राचा विचार त्यानंतर करावा.

सुरक्षा आणि संरक्षण

सायबर सुरक्षा आणि डेटा संरक्षण या दोन गोष्टी शेजारच्या आहेत, एक नव्हेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये काढून घेतले गेले. चोर आत कसे शिरले आणि यंत्रणेत फट कुठे होती, हे शोधणे सायबर सुरक्षेचे काम. डेटा संरक्षणाचा प्रश्न मात्र चोर आलाच नाही तरी उभा राहतो. समजा, एका दवाखान्याने आपल्या रुग्णांचे मोबाइल क्रमांक ओळखीच्या विमा एजंटाला दिले. कुलूप तुटले नाही, पासवर्ड फुटला नाही, तरीही उपचारासाठी दिलेली माहिती विमा विकण्यासाठी वापरली गेली आणि रुग्णाचा हक्क डावलला गेला. हा फरक ज्याला स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या उदाहरणाने समजावून सांगता येतो, त्याची मुलाखत अर्धी झाली असे मानायला हरकत नाही.

कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले. त्यानंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला, मसुदे आले, त्यांतले एक विधेयक मागे घेतले गेले, आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरील बहुतेक जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात, आणि त्यामुळे आत्ता अनेक कंपन्यांमध्ये तयारीसाठी माणसे हवी आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास कमाल दंड २५० कोटी रुपये आहे. मात्र मुलाखतीत केवळ हा आकडा सांगणाऱ्यापेक्षा, तो कोणत्या चुकीसाठी आहे आणि डेटा ब्रीचची, म्हणजे माहिती फुटल्याची, सूचना न दिल्याबद्दलचा कमाल २०० कोटींचा दंड त्याहून वेगळा का आहे, हे सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

पुण्यातल्या कामाचे वेगळेपण

पुण्यात या क्षेत्रातील पुष्कळ काम परदेशी ग्राहकांच्या माहितीशी संबंधित असते, त्यामुळे भारतीय कायद्याइतकाच युरोपचा जीडीपीआर हा डेटा संरक्षण कायदा इथे उपयोगी पडतो. तो २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात ९९ कलमे आहेत. सगळी पाठ करण्याची गरज नाही. पण पाचवे, सहावे, अठ्ठाविसावे, तिसावे, बत्तिसावे ते पस्तिसावे आणि शेहेचाळिसावे कलम इतकी तरी नीट वाचून झालेली असावीत. यांतील अठ्ठाविसावे कलम तर पुणेकरांनी विशेष लक्ष देऊन वाचावे, कारण दुसऱ्याच्या वतीने माहिती हाताळणाऱ्या प्रोसेसरशी कोणता करार करावा हे त्यात सांगितले आहे, आणि खराडी, मगरपट्टा, हिंजवडी येथील कितीतरी कंपन्या त्या कलमाच्या भाषेत प्रोसेसरच आहेत.

एक उदाहरण घेऊ. जर्मन कंपनीचा सर्व्हर फ्रँकफर्टमध्ये आहे आणि तो तिथून हलत नाही. हिंजवडीतला सपोर्ट इंजिनिअर फक्त स्क्रीनवर ग्राहकाचे नाव आणि ऑर्डर पाहतो. फाइल उतरवून घेत नाही. नवखा माणूस म्हणतो की माहिती तर देशाबाहेर गेलीच नाही. परंतु दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला तिथून ती पाहता येणे यालाही जीडीपीआरखाली हस्तांतरच मानले जाते. भारताच्या कायद्याची पातळी पुरेशी असल्याचा निर्णय युरोपीय आयोगाने दिलेला नसल्यामुळे, अशा वेळी बहुधा आयोगानेच ठरवून दिलेली २०२१ ची प्रमाणित करारकलमे वापरली जातात आणि हस्तांतरातील जोखमीचे मूल्यमापनही लिहून ठेवावे लागते. हे मूल्यमापन भरण्याचे काम कनिष्ठ पदावरच्या माणसाकडे वारंवार येते, म्हणून ते आधीच ठाऊक असलेले बरे.

याच्याच दुसऱ्या बाजूकडे मात्र अनेक जण पाहत नाहीत. भारतीय कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, परदेशी कंपनीशी झालेल्या कराराखाली परदेशातील व्यक्तींची माहिती भारतात हाताळली जात असेल, तर संमती, नोटीस आणि हक्क यांविषयीच्या बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत. सुरक्षेची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी मात्र कायम राहते. तीच कंपनी स्वतःच्या पुण्यातील कर्मचाऱ्यांची माहिती हाताळते तेव्हा तिला ही सूट नाही. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, दोन टेबलांवर दोन वेगळे नियम चालू शकतात, आणि कोणत्या टेबलावर कोणता नियम हे सांगणे हेच तुमचे काम असते.

वाचन कसे करावे

भारतीय कायद्यात केवळ ४४ कलमे आहेत. दोन रविवार सकाळी बसून तो मूळ स्वरूपात वाचावा. सारांश, व्हिडिओ आणि तक्ते नंतर पाहावेत. त्यातील उदाहरणे साधी आणि मार्मिक आहेत. एका उदाहरणात दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणारे अॅप मोबाइलमधील संपर्कयादीही मागते. सल्ल्यासाठी ती यादी लागतच नसल्यामुळे, संमती दिली असली तरी ती सल्ल्यापुरतीच धरली जाते. हे एक उदाहरण समजले की 'आवश्यक तेवढीच माहिती' या तत्त्वाचे निम्मे मर्म हाती येते. या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात व्यक्तीसाठी स्त्रीवाचक सर्वनाम वापरले आहे, हेही वाचताना लक्षात येईल. मला ते पहिल्यांदा वाचताना मनापासून आनंद झाला होता.

कायद्यानंतर नियम वाचावेत, आणि मग परदेशी नियामकांचे निर्णय. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटा कंपनीला अमेरिकेत माहिती पाठवण्याच्या प्रकरणात १२० कोटी युरोंचा दंड केला, तो सर्वांना माहीत असतो. मला मात्र विद्यार्थ्यांना लहान निर्णय वाचायला लावावेसे वाटतात. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२१ मध्ये एचआयव्हीबाधितांसाठी काम करणाऱ्या एका स्कॉटिश संस्थेला १०,००० पौंडांचा दंड केला. १०५ जणांना पाठवलेल्या ईमेलमध्ये सर्वांचे पत्ते सर्वांना दिसत होते, आणि अनेक पत्त्यांवरून माणूस ओळखता येत होता. रक्कम लहान आहे, पण केवळ ईमेलचा पत्ता कोणत्या यादीत आहे यावरून एखाद्याच्या आजाराविषयी तर्क करता येतो, ही गोष्ट तो निर्णय वाचल्यावर कायमची ध्यानात राहते.

महाराष्ट्रात राहून या क्षेत्रात येणाऱ्याने आणखी एक वाद समजून घ्यायला हवा. भारताच्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलले असून वैयक्तिक माहिती नाकारण्याची मोकळीक वाढली आहे. माहिती अधिकाराच्या चळवळीत महाराष्ट्राने पुढाकार घेतला होता, आणि या बदलावर इथल्या कार्यकर्त्यांनी घेतलेले आक्षेप मला गंभीर वाटतात. खासगीपणाचे रक्षण करणाऱ्याने पारदर्शकतेची बाजूही नीट ऐकलेली असली पाहिजे.

पहिली नोंदवही

आता प्रत्यक्ष कृतीकडे. एखादी लहान, ओळखीची जागा निवडा: नात्यातल्या डॉक्टरांचा दवाखाना, तुमची सोसायटी, कॉलनीतली व्यायामशाळा, सदाशिव पेठेतली स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. चालकांची रीतसर परवानगी घ्या, आणि एक पथ्य कटाक्षाने पाळा: कोणाचीही प्रत्यक्ष माहिती उतरवून किंवा फोटो काढून घेऊ नका. तुम्हाला माहितीचे प्रकार लिहायचे आहेत, माणसांची नावे नव्हेत.

मी एका अभ्यासिकेत एका विद्यार्थिनीबरोबर असे काम केले होते. मालकांनी सुरुवातीला सांगितले, "आमच्याकडे काय असणार? एक फॉर्म आणि आधारची झेरॉक्स." आम्ही फॉर्म घेऊन प्रत्येक रकान्यावर बोट ठेवत विचारत गेलो. वडिलांचा मोबाइल क्रमांक कशासाठी? मुलगा आजारी पडला तर कळवायला. जातीचा प्रवर्ग कशासाठी? त्यावर मालक थांबले. तो रकाना दुसऱ्या कुठल्या तरी फॉर्मवरून जसाच्या तसा आला होता. अंगठ्याच्या हजेरीचे यंत्र, कॅमेऱ्याचे चित्रण, व्हॉट्सअॅपचा ग्रुप, शुल्काच्या पावत्या असे करत दोन तासांत अकरा ओळी भरल्या. त्यातली एक ओळ अशी होती:

आधारची प्रत. प्रवेशाच्या दिवशी घेतली जाते. हेतू: ओळख पटवणे. ठिकाण: काउंटरखालची फाइल आणि मालकांच्या मोबाइलमधील फोटो. पाहू शकणारे: मालक, दिवसपाळीचा मदतनीस, त्याच्या सुट्टीत बसणारा त्याचा भाऊ. नष्ट करण्याची मुदत: ठरलेली नाही.

ओळ लिहून झाल्यावर विद्यार्थिनीने विचारले की मोबाइलमधले फोटो आणखी कुठे जातात का. मालकांनी मोबाइल पाहिला. फोटोंचा बॅकअप आपोआप होत होता, आणि तेच खाते घरी लहान मुलाच्या टॅबवरही उघडलेले होते. शेकडो उमेदवारांची आधार कार्डे त्या टॅबवर दिसत होती. मालकांना खरोखर वाईट वाटले. त्यांनी आमच्यासमोरच बॅकअप बंद केला, जुने फोटो काढून टाकले आणि पुढे आधार नुसते पाहून परत द्यायचे असे ठरवले. कायदा केवळ डिजिटल स्वरूपातील किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो, म्हणून फाइलमधली कागदी झेरॉक्स त्याच्या कक्षेबाहेर राहते आणि तिचा मोबाइलमधला फोटो कक्षेत येतो, हा बारकावा त्या विद्यार्थिनीला पुन्हा कधी समजावून सांगावा लागला नाही.

अशा दोन नोंदी पूर्ण करा. जागेचे नाव आणि ओळखीच्या खुणा काढून टाकून त्या नीटनेटक्या टाइप करा आणि प्रत्येकीला एक पान जोडा: कोणत्या तीन गोष्टी आधी बदलाव्यात आणि का. मुलाखतीत दाखवायला याहून चांगले काही नाही.

मराठीचे मोल

संमती मागताना आणि नोटीस देताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय लोकांना द्यावा लागतो, आणि नियमांनुसार ती स्पष्ट व सोप्या भाषेत असावी लागते. मराठी नोटिशी लिहिणे हे त्यामुळे प्रत्यक्ष कामाचे कौशल्य झाले आहे. मी पाहिलेला एक मसुदा असा होता: 'वर्धित अनुभवासाठी आपला डेटा आमच्या भागीदारांसोबत सामायिक केला जाऊ शकतो.' यातले शब्द मराठी आहेत, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: 'तुमचा मोबाइल क्रमांक आम्ही फक्त जागा रिकामी झाल्याचा निरोप देण्यासाठी वापरतो. तुम्ही प्रवेश रद्द केल्यावर तीस दिवसांत तो पुसून टाकतो. हा निरोप नको असेल, तर निरोपाखालील दुव्यावर एकदा दाबा.' याखाली तक्रार कोणाकडे करावी आणि या कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाकडे कसे जावे, हे यायला हवे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे कायदा सांगतो. म्हणून ती शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे.

ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे आणि जे इंग्रजीच्या धास्तीने या क्षेत्रापासून दूर राहतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते. इंग्रजी वाचता आलेच पाहिजे, करार त्याच भाषेत असतात. पण शिरूरच्या शेतकऱ्याला कळेल अशी नोटीस लिहू शकणारे लोक फार थोडे आहेत.

प्रमाणपत्रे

नोंदी करून झाल्यावर प्रमाणपत्राकडे वळावे. परदेशी ग्राहकांचे काम करायचे असेल तर आयएपीपी या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सीआयपीपी-ई हे युरोपीय कायद्यावरचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. त्याच्या परीक्षेत अडीच तासांत ९० प्रश्न असतात आणि शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते, म्हणून तयारी झाल्याशिवाय नाव नोंदवू नये. सीआयपीएम हे व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र अनुभव आल्यानंतर घेतलेले बरे. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेने स्थापन केलेल्या डीएससीआय या संस्थेची भारतीय प्रमाणपत्रेही आहेत. तांत्रिक बाजू कच्ची असलेल्यांनी माहिती सुरक्षेचे आयएसओ २७००१ आणि त्याच्या जोडीचे खासगीपणाचे २७७०१ ही मानके समजून घ्यावीत. कायद्याच्या पदवीधरांनी डेटाबेस म्हणजे काय, लॉग म्हणजे काय, एन्क्रिप्शन कशापासून वाचवते आणि कशापासून वाचवत नाही, एवढे एखाद्या इंजिनिअर मित्राशेजारी बसून शिकावे. कर्ज काढून महागडा डिप्लोमा करण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.

जागा शोधताना

'डेटा प्रोटेक्शन ऑफिसर' असे शोधले तर नवोदिताच्या हाती निराशाच येईल. भारतीय कायद्यात हा अधिकारी नेमण्याची सक्ती केवळ सरकारने 'महत्त्वाच्या' ठरवलेल्या संस्थांना आहे, तो भारतात राहणारा आणि थेट संचालक मंडळाला जबाबदार असावा लागतो, आणि असे पद पहिल्याच नोकरीत मिळत नाही. प्रायव्हसी अॅनालिस्ट, जीआरसी (कारभार, जोखीम आणि नियमपालन) असोसिएट, व्हेंडर रिस्क अॅनालिस्ट, कॉन्ट्रॅक्ट रिव्ह्यूअर या नावांनी शोधावे. तुम्ही आधीच एखाद्या आयटी कंपनीत असाल, तर बाहेर अर्ज करण्याआधी स्वतःच्या कंपनीतील प्रायव्हसी विभागाला भेटा. ग्राहकांकडून येणाऱ्या दोन-दोनशे प्रश्नांच्या प्रश्नावल्या भरायला त्यांना नेहमीच माणूस हवा असतो. ते काम कंटाळवाणे असल्याचे सांगितले जाते. मी सुरुवात तिथूनच केली, आणि कंपनीची प्रत्येक यंत्रणा कोणाच्या ताब्यात आहे हे मला त्या प्रश्नावल्यांनीच शिकवले.

पहिला डेटा ब्रीच

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, बाणेरच्या एका कार्यालयात, आमच्या प्रशिक्षण विभागातील मुलीने एका युरोपीय कंपनीच्या सुमारे तीनशे ग्राहकांना निमंत्रणाचा ईमेल पाठवला आणि सर्वांचे पत्ते बीसीसीऐवजी सीसीमध्ये गेले, म्हणजे प्रत्येकाला सर्वांचे पत्ते दिसले. संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे झाली होती. तिने दहाच मिनिटांत आम्हाला सांगितले. तिच्या वरिष्ठांचे म्हणणे होते की ईमेल मागे घेण्याचा प्रयत्न केला आहे, तर सोमवारी पाहू. माझ्या वरिष्ठ बाईंनी मला शांतपणे वही उघडायला लावली आणि आधी वेळ लिहायला सांगितली: चूक झाली ती वेळ, आपल्याला कळले ती वेळ. मगच कोणाचे पत्ते, किती, कोणत्या देशांतले, पत्त्यावरून आणखी काय कळू शकते, हे लिहीत गेलो.

घड्याळे किती असतात हे मला त्या दिवशी कळले. जीडीपीआरखाली नियामकाला कळवण्यासाठी ७२ तास असतात, पण ती जबाबदारी मूळ कंपनीची. प्रोसेसर म्हणून आम्हाला त्या कंपनीला विनाविलंब कळवायचे होते आणि करारात २४ तासांची मुदत लिहिलेली होती. आजच्या कामात त्यात आणखी भर पडली आहे: ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ मधील निर्देश, आणि नव्या नियमांनुसार मे २०२७ पासून मंडळाला व बाधित व्यक्तींना विनाविलंब सूचना, शिवाय मंडळाला ७२ तासांत तपशीलवार अहवाल. यातले कोणते घड्याळ तुमच्या घटनेला लागू आहे हे ठरवणे वरिष्ठांचे काम असते, परंतु त्यांना ते ठरवता यावे यासाठी वेळ आणि तथ्ये अचूक लिहून हातात देणे तुमचे.

आम्ही त्या रात्री साडेनऊला ग्राहक कंपनीला पत्र पाठवले. सोमवारी त्यांचे उत्तर आले: नियामकाला कळवले आहे, तुमच्या नोंदीची प्रत जोडली आहे, धन्यवाद. ज्या मुलीने चूक लगेच सांगितली तिला कोणी बोलू नये, अशी विनंती माझ्या वरिष्ठांनी तिच्या विभागप्रमुखांना लेखी केली होती. आणि पुढच्या महिन्यापासून पन्नासहून अधिक बाहेरच्या पत्त्यांना जाणारा कोणताही ईमेल दुसऱ्या व्यक्तीने तपासल्याशिवाय सुटणार नाही, अशी व्यवस्था मेल सर्व्हरवरच करण्यात आली.